परसबागेचा उन्हाळा

घरापुढे अंगण आणि घरामागे परस, अशी आपल्याकडील जुन्या घरांची ठेवण असे. अंगणात तुळशीवृंदावन, चार फुलझाडे आणि बसण्याउठण्याची जागा. परसात आड किंवा विहीर, न्हाणीघर, गुरांचा गोठा आणि या सर्वांच्या आधाराने वाढलेली फळझाडे. न्हाणीचे पाणी जिकडे वाहत जाई तिकडे केळी आणि अळू, आडाच्या काठाशी लिंबोणी, कुंपणालगत सीताफळ व शेवगा, आणि जागा ऐसपैस असली तर एका बाजूस आंबा किंवा फणस. ही बाग कोणी कागदावर आखून केलेली नसे. घरातले पाणी, गोठ्यातले शेण आणि घरच्या माणसांची नित्याची देखरेख यांवर ती आपोआप पोसली जाई. आज घरे बदलली, परस आखूड झाले, काही ठिकाणी तर ते उरलेही नाहीत. तथापि ज्यांच्या घरामागे किंवा शाळेमागे चार हात मोकळी जमीन आहे, त्यांना दोन-चार फळझाडे अजूनही सहज लावता येतात.

झाडे लावण्याची हौस पुष्कळांना असते. १९५० साली भारत सरकारचे अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी जुलै महिन्यात गावोगावी व शाळाशाळांतून उत्साहाने रोपे लावली जातात. पण पुढच्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या जागी जाऊन पाहावे, तर पुष्कळ खड्ड्यांत वाळलेली काडी तेवढी उभी असते. पावसाने रोपाला वाढविले, हिवाळ्याने त्याला सांभाळले; मग ते गेले कधी? ते गेले एप्रिल-मेमध्ये, आपण सुट्टीत खेळण्यात दंग होतो तेव्हा. झाड लावणे हे एका दिवसाचे काम आहे. ते जगविणे हे पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांचे काम आहे. म्हणून परसबागेत उन्हाळ्यात काय करावे आणि ते का करावे, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम झाडाला उन्हाळा का जाचतो ते समजून घेतले पाहिजे. झाडाच्या पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. मुळांनी जमिनीतून शोषलेले पाणी खोडातून वर चढते आणि या रंध्रांतून वाफेच्या रूपाने हवेत निघून जाते. हा प्रवाह दिवसभर चालू असतो. ऊन जितके कडक आणि वारा जितका कोरडा, तितके पाणी अधिक वेगाने जाते. मोठ्या आंब्याची मुळे खोल गेलेली असतात. वरची जमीन तापली तरी तळाची ओल त्यांना मिळते. म्हणून वैशाखाच्या वणव्यातही आंबा हिरवागार दिसतो. लहान रोपाची मुळे मात्र वीतभर मातीतच पसरलेली असतात, आणि नेमकी तीच माती सर्वांत आधी वाळते. वरून पाणी निघून जाते, खालून भरपाई होत नाही. मग पाने माना टाकतात, कडा करपतात आणि अखेरीस खोड वाळते.

ही अडचण सर्वत्र सारखी नसते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तेथील कोवळ्या रोपांना उन्हाच्या झळा सोसवत नाहीत. देशावरील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात मोठमोठ्या भेगा पडतात. त्या भेगांतून ओल उडून जाते आणि लहान मुळेही तुटतात. कोकणात वर्षाला २५०० मिलिमीटरांहूनही अधिक पाऊस पडतो. तरी तेथील जांभ्या दगडाची माती पाणी धरून ठेवीत नाही, आणि मे महिन्यात तेथील रोपेही तहानलेलीच असतात. सारांश, पाऊस किती पडतो याबरोबरच मातीत ओल किती टिकते, हेही पाहावे लागते.

आता पाणी कसे घालावे ते पाहू. पुष्कळ मुले झारी घेऊन रोज सायंकाळी रोपाच्या खोडावर तांब्याभर पाणी ओततात आणि आपले काम झाले असे समजतात. हे पाणी वरच्या दोन बोटे मातीतच मुरते व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जाते. शिवाय पाणी वरच मिळते असे आढळल्यामुळे मुळेही वरच घोटाळतात, खाली जात नाहीत. त्याऐवजी तीन-चार दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी द्यावे. ते खोल मुरते आणि त्याच्या मागोमाग मुळेही खोल उतरतात. अशी मुळे पुढच्या उन्हाळ्यात स्वतःचे पाणी स्वतः शोधू लागतात. रेताड, हलकी जमीन असेल तर पाणी थोड्या अंतराने द्यावे. काळी, भारी जमीन असेल तर अंतर वाढवावे. बोटभर खोल माती उकरून पाहिली, म्हणजे पाणी देण्याची वेळ झाली की नाही ते कळते. पाणी भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावर द्यावे. भर दुपारी दिलेल्या पाण्यातील पुष्कळ भाग झाडाला न मिळता हवेत जातो.

पाणी कोठे द्यावे, हेही महत्त्वाचे आहे. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जमिनीवर जेथवर पडते, साधारणपणे तेथवर त्याची पाणी शोषणारी कोवळी मुळे पसरलेली असतात. म्हणून झाड वाढेल तसे आळेही रुंद करीत जावे. लिंबोणीच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी लागते. तिच्या खोडाशी पाणी साचून राहिले, की साल कुजते व तीतून डिंक गळू लागतो. या रोगाला डिंक्या असे म्हणतात. तो टाळण्यासाठी खोडाभोवती मातीची लहान भर घालतात, तिच्याबाहेर गोल आळे करतात आणि पाणी या बाहेरच्या आळ्यात सोडतात. खोड कोरडे राहते आणि मुळे भिजतात.

पाण्याची टंचाई असेल तेथे मडक्याचा उपाय फार उपयोगी पडतो. रोपापासून सुमारे एक फूट अंतरावर कुंभाराकडचे साधे, रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, ते पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरत राहते. भोवतालची माती कोरडी असली की ती पाणी ओढून घेते. माती ओली झाली की पाझर मंदावतो. म्हणजे रोपाला किती पाणी लागते याचा हिशेब जणू मडके आणि माती परस्परच करतात. झाकण मात्र विसरू नये, कारण उघड्या पाण्यात डासांची पैदास होते.

पण मडक्यात घालायला पाणी आणावे कोठून? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी आपण मोरीत ओतून देतो. ते एका बादलीत साठविले तर काय होईल, त्याचे गणित करून पाहा. एका घरात असे पाणी रोज १० लिटर निघते असे धरू. एका रोपाला चार दिवसांनी १० लिटर पाणी द्यायचे, तर एवढ्या पाण्यावर चार रोपे जगतील. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांचे दिवस ९२ होतात. म्हणजे एका उन्हाळ्यात ९२० लिटर पाणी वाया न जाता झाडांच्या मुखी पडेल. त्यासाठी विहिरीतून एक घागरही अधिक काढावी लागणार नाही. साबणाचे पाणी मात्र कोवळ्या रोपांना घालू नये.

दिलेली ओल टिकविणे हे पाणी देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. त्यासाठी आळ्यात वाळलेला पाला, गवत, भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट यांचा चार-पाच बोटे जाड थर पसरावा. याला आच्छादन म्हणतात. या थरामुळे ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल उडत नाही, तण वाढत नाही आणि पावसाळ्यात तोच पाला कुजून त्याचे खत होते. परसात झाडून गोळा केलेला पालापाचोळा अनेक जण पेटवून देतात. तो जाळणे म्हणजे झाडाचे पांघरूण आणि झाडाचे अन्न, दोन्ही जाळणे होय. आच्छादन खोडाला भिडवू नये. चार बोटे जागा मोकळी ठेवावी. अन्यथा वाळवी खोडावर चढते. अधूनमधून पाला बाजूस सारून पाहावे आणि वाळवी दिसल्यास आळ्यात निंबोळी पेंड मिसळावी.

ज्यांचा हा पहिलाच उन्हाळा आहे अशा रोपांना सावलीही करावी लागते. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते व तेच अधिक बाधते. म्हणून रोपाच्या दक्षिण व पश्चिम बाजूंस नारळाच्या झावळ्या, तुराट्या किंवा जुने गोणपाट उभे करावे. पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन रोपाला मिळते.

येथवर वाचून तुम्हाला वाटेल, की उन्हाळ्यात सर्वच झाडांना पाणी द्यावे. परंतु परसबागेत याच्या अगदी उलट वागणूक मागणारेही एक झाड आहे, ते म्हणजे पेरू. आपल्याकडे पेरू, डाळिंब व लिंबू यांना वर्षातून तीन वेळा फुलोरा येऊ शकतो. या फुलोऱ्याला बहार म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबा मोहरतो त्या सुमारास येणारा तो आंबे बहार. जून-जुलैत मृगाच्या पावसाबरोबर येणारा तो मृग बहार. आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा तो हस्त बहार. उन्हाळ्यात आपण सरबतासाठी जी लिंबे पिळतो, ती बहुतेक हस्त बहाराची असतात. तिन्ही बहार एकाच झाडावर येऊ दिले तर झाड थकते आणि कोणतेच फळ धड पोसत नाही. म्हणून जाणता बागवान एकच बहार धरतो.

पेरूचा मृग बहार धरावयाचा असेल, तर मोठ्या झाडाचे पाणी एप्रिलपासून बंद करतात. याला ताण देणे म्हणतात. पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते, पाने पिवळी पडून काही गळतात आणि झाड विश्रांती घेते. या काळात तयार झालेले अन्न फांद्यांत साठून राहते. मेअखेर माती हलकेच खणून शेणखत घालतात. मग पाऊस पडला, की झाड नव्या फुटीबरोबर फुलांनी भरून जाते. ती फळे नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत तयार होतात आणि त्यांची गोडीही विशेष असते. मात्र असा ताण वयाने मोठ्या झाडालाच द्यावा; दोन-तीन वर्षांच्या रोपाला दिला तर ते दगावेल. पेरूची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक माहिती सांगितली पाहिजे. परसात लावण्यास जो ‘सरदार’ पेरू चांगला समजतात, त्याची निवड पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा या शास्त्रज्ञांनी १९२७ साली केली. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून ते झाड निवडले गेले, म्हणून त्याला ‘लखनौ ४९’ असेही नाव आहे.

सीताफळाची तऱ्हा तर याहूनही निराळी. त्याची पाने उन्हाळ्यापूर्वीच गळतात आणि चैत्रात ते अगदी वठल्यासारखे दिसते. अशी झाडे मेली असे समजून कित्येकदा तोडली जातात. तोडण्यापूर्वी फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओला थर दिसला तर झाड जिवंत आहे. लवकरच त्याला पालवी फुटेल, पालवीबरोबर फुले येतील आणि पावसाळ्याच्या शेवटी फळे हाती येतील. हीच परीक्षा तुम्ही लावलेल्या वाळक्या रोपाचीही करा. हिरवा थर दिसला तर त्याला पाणी व सावली द्या. त्याची आशा सोडू नका.

केळीला मात्र उन्हाळा मुळीच सोसत नाही. तिची पाने मोठी, मुळे उथळ आणि तहान फार. म्हणूनच न्हाणीच्या सांडपाण्याची जागा तिला पूर्वापार दिली गेली. केळीचा एक खांब आयुष्यात एकदाच फळतो. घड उतरविल्यावर तो खांब कापून टाकतात आणि बुंध्याशी आलेले पिल्लू त्याची जागा घेते. बुंध्याशी पिले पुष्कळ येतात. ती सारी ठेवली तर अन्न वाटले जाऊन घड लहान राहतो. ज्याची पाने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद आणि बुंधा जाड असतो असे एक जोमदार पिल्लू ठेवावे व बाकीची काढून टाकावी. वळवाच्या वाऱ्याने घड आलेले खांब उन्मळून पडतात. म्हणून त्यांना वैशाखातच बांबूचा टेकू द्यावा.

पपईच्या झाडांत नर आणि मादी असा भेद असतो. नराची फुले लांब, लोंबत्या देठावर झुबक्यांनी येतात. मादीची फुले मोठी असतात व खोडालगत एकेकटी बसतात. रोप लहान असताना हा भेद ओळखता येत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात आणि फुले आल्यावर जादा नर काढून टाकतात. सर्वच नर मात्र काढू नयेत. फळ धरण्यासाठी आठ-दहा झाडांत एक नर हवाच. पपई, पेरू, सीताफळ, चिकू ही सारी आपल्याला घरची वाटणारी फळे मूळची अमेरिका खंडातली आहेत. दूर देशांची ही झाडे आपल्या परसात येऊन इतकी रुळली, की ती परकी होती याची आठवणही कोणाला राहिलेली नाही.

उन्हाळा हा आंब्याचा हंगाम. मोहोर फुलल्यावर जितकी बारीक फळे धरतात, त्यांतील बहुसंख्य गळून पडतात. झाडाला जेवढी पोसता येतात तेवढीच ते ठेवते. म्हणून सडा पडलेला पाहून घाबरू नये. मात्र गळलेली, कुजलेली फळे झाडाखाली तशीच पडू देऊ नयेत. फळमाशी नावाची माशी फळात अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या फळ कुरतडतात, जमिनीत शिरून कोश करतात आणि पुन्हा माश्या होऊन बाहेर पडतात. सडकी फळे रोज गोळा करून दोन हात खोल पुरली आणि झाडाखालची माती उन्हात चाळविली, तर हे चक्र तुटते. हे काम मुलांना उत्तम करता येते. तयार आंबा काठीने झोडपून पाडू नये. आपटलेले फळ वरून चांगले दिसले तरी अढीत कुजते व शेजारच्या फळांनाही कुजविते. झेल्याने, देठासह, अलगद उतरविलेला आंबा गवताच्या अढीत चांगला पिकतो. देठ तुटताना निघणारा चीक अंगावर पडल्यास कातडी भाजते, हेही ध्यानात ठेवावे.

आंबे खाऊन झाल्यावर कोयी टाकून देऊ नका. कोय फार दिवस जिवंत राहत नाही. काही आठवड्यांतच तिची उगवण्याची शक्ती जाते. म्हणून ती धुऊन लगेच मातीत पुरावी. फणस व जांभूळ यांच्या बियांचेही असेच आहे. पपईच्या बियांवर बुळबुळीत आवरण असते. त्या राखेत चोळून, धुऊन, सावलीत वाळवाव्या. येथे एक मौज लक्षात घ्या. गोड हापूस आंब्याची कोय लावली तर येणारे झाड हापूसच निघेल याचा भरवसा नसतो. कारण कोयीत दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. तसाच आंबा हवा असेल तर हापूसच्या झाडाची काडी कोयीच्या रोपावर बांधावी लागते. यालाच कलम करणे म्हणतात. कोकणात हे काम पावसाळ्याच्या तोंडाशी चालते. कागदी लिंबाचे मात्र निराळे आहे. त्याच्या एका बीमधून पुष्कळदा दोन-तीन रोपे उगवतात आणि त्यांतील बहुतेक आईच्याच गुणांची असतात. म्हणून लिंबू बीपासून लावले तरी चालते. घरी कलम आणले असेल, तर जोडाच्या खाली फुटणारे कोंब वेळोवेळी खुडावे. ते रानटी खुंटाचे असतात. ते वाढले तर वरचे कलम उपाशी मरते.

नवी झाडे पावसात लावायची, पण त्यांची घरे उन्हाळ्यात बांधायची असतात. एप्रिल-मेमध्ये खड्डे खणून ठेवावे. आंबा, फणस, चिकू यांसाठी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी एक मीटर. पेरू, लिंबू, सीताफळ यांसाठी सुमारे दोन फूट. आणि पपईसाठी दीड फूट पुरे. खणताना वरची काळसर माती एका बाजूस व खालची माती दुसऱ्या बाजूस टाकावी. खड्डा पंधरा दिवस ते महिनाभर उघडा ठेवला, की कडक उन्हाने मातीतील किडी व त्यांची अंडी मरतात. खड्डा उघडा असेपर्यंत लहान मूल किंवा वासरू त्यात पडू नये, म्हणून त्याभोवती काट्या रोवाव्या. पाऊस सुरू होण्यापूर्वी तळाशी वाळलेला पाला, मग वरची चांगली माती आणि कुजलेले शेणखत मिसळून खड्डा जमिनीच्या किंचित वर येईतो भरावा. पहिल्या पावसाने ती माती बसते. जागा निवडताना आजच्या रोपाकडे न पाहता वीस वर्षांनंतरच्या झाडाकडे पाहावे. आंब्याला चहूबाजूंनी १० मीटर अंतर लागते, पेरूला ६ मीटर, तर केळीला दीड-दोन मीटर पुरते. घराच्या भिंतीला खेटून फणस लावणारा पुढे एक तर भिंत गमावतो, नाही तर फणस.

पावसापूर्वीचे आणखी एक काम म्हणजे खोडांना बोर्डो मलम लावणे. याच्या शोधाची हकिकत मनोरंजक आहे. फ्रान्समधील बोर्डो शहराच्या परिसरात द्राक्षांचे मळे आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मळेवाले मोरचूद आणि चुना शिंपडीत. तो हिरवट निळा रंग पाहून कोणी फळाला हात लावीत नसे. त्या वर्षांत बुरशीच्या रोगाने मळे उजाड होत होते; पण रंग शिंपडलेल्या वेलींची पाने मात्र टवटवीत राहिली. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेने ही गोष्ट टिपली. त्याने प्रयोग करून पाहिले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढे ठेवले. घरगुती उपयोगासाठी अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि दुसऱ्या अर्ध्या लिटरात १०० ग्रॅम चुना निरनिराळे कालवून मग एकत्र करतात. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे घेऊ नये. मिश्रणात चाकूचे स्वच्छ पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा. हे मलम खोडावर तीन फुटांपर्यंत लावतात. मोरचूद विषारी आहे, म्हणून हे काम घरातील मोठ्या माणसांनी करावे. तुम्ही बाजूस उभे राहून पाहावे.

कामांचा हा व्याप पाहून कोणी दचकेल. परंतु ही सारी कामे एका दिवसाची नाहीत. चैत्रात आच्छादन व सावली, वैशाखात खड्डे व टेकू, ज्येष्ठात खत, बी आणि खड्डे भरणे, अशी ती वाटून घेतली तर रोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. अक्षय्य तृतीयेला परसात आळी घालण्याची रीत अनेक घरी आहे. तो दिवस नव्या कामाच्या आरंभास सोयीचा. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. तोवर सारे तयार असावे. मग आळ्यांत पाणी साचून राहू नये म्हणून त्यांना वाट काढून द्यावी. ज्यांना जमीन नाही, त्यांनी गच्चीवर अर्ध्या पिंपात लिंबू, डाळिंब किंवा अंजीर लावून पाहावे. पिंपाची माती लवकर तापते व लवकर वाळते, म्हणून तेथे पाणी अधिक वेळा द्यावे लागते, एवढाच फरक.

सुट्टीत तुम्ही मामाच्या गावी जाल. जाण्याआधी आपल्या रोपांची व्यवस्था लावून जा. शेजारच्या सोबत्याला बादली, आळे आणि मडके दाखवून ठेवा. तो गावी जाईल तेव्हा त्याची झाडे तुम्ही सांभाळा. तीन आठवडे पाण्यावाचून काढणे मोठ्या आंब्याला अवघड नाही. पहिल्या वर्षाच्या रोपाला ते अशक्य आहे.

आपल्या पूर्वजांना झाडाच्या या मोलाची पुरी जाणीव होती. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी सांगताना आंबा व फणस यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. ही झाडे जहाजांच्या उपयोगाची खरी. परंतु ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. प्रजेने ती पोटच्या पोरांप्रमाणे दीर्घकाळ जपलेली असतात. म्हणून त्यांना जबरीने हात लावू नये, आणि एखादे झाड अगदीच जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते तोडावे, असा त्यातील आशय आहे. राज्याला जहाजांची निकड असतानाही कोणा गरिबाच्या परसातला फणस सुरक्षित राहावा, ही काळजी त्या कारभाऱ्यांनी वाहिली.

आज तुम्ही ज्या आंब्याच्या सावलीत बसता, त्याच्या कोवळ्या रोपाला कोणा आजोबांनी किंवा पणजीने कोणत्या तरी वैशाखात कळशीने पाणी घातले होते. त्या वर्षी ते पाणी चुकले असते, तर आज ती जागा उघडी राहिली असती. तुमच्या परसातील या वर्षीचे रोपही तशाच एका कळशीची वाट पाहत आहे. सायंकाळी ऊन उतरले, की माती उकरून पाहा आणि तिची ओल तपासा.

स्वाध्याय

१. रोपाला रोज थोडे पाणी देण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर पाणी देणे का चांगले?
२. पुढील विधानांची कारणे सांगा.
(अ) पेरूच्या मोठ्या झाडाचे पाणी एप्रिलपासून बंद करतात.
(आ) पानगळ झालेले सीताफळ लगेच तोडू नये.
(इ) गळलेली फळे झाडाखाली पडू देऊ नयेत.
३. मडक्याने पाणी देण्याची पद्धत आकृती काढून समजावून सांगा.
४. तुमच्या घरी भाज्या व धान्य धुतलेले पाणी रोज किती निघते ते आठवडाभर मोजा. त्यावर किती रोपे जगतील याचा हिशेब करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : माना टाकणे, ताण देणे, आशा सोडणे, काळजी वाहणे.
६. ‘आमच्या परसातील (किंवा शाळेतील) सर्वांत जुने झाड’ या विषयावर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.